हौसेला मोल असतं का?

‘हौसेला मोल नसतं’ ही आपल्याकडची फार सोयीची म्हण आहे. लग्नाचा मांडव ऐपतीपेक्षा मोठा घातला, पोरानं गाडीला नवा सायलेन्सर बसवला, कुणी चालू मोबाइल बाजूला ठेवून दुसरा घेतला, की ती पुढं येते आणि विषय संपवते. तिच्यानंतरही जो हिशेब विचारेल तो कोत्या मनाचा ठरतो. हल्ली ही म्हण मी एका शांत, कुणाला त्रास न देणाऱ्या छंदाबद्दल वारंवार ऐकतो. तो छंद म्हणजे शाईचं पेन.

ज्यानं शाईचं पेन वापरलं आहे त्याला त्याचं सुख समजावून सांगावं लागत नाही. निब कागदावर दाबावी लागत नाही, नुसती टेकवली की शाई उतरते. ओली रेघ क्षणभर चमकते, मग कागदात मुरते. हात लवकर भरून येत नाही. अक्षर जरा सावकाश होतं आणि आपण काय लिहितो आहोत हे लिहितानाच दिसायला लागतं. दिवसभर स्क्रीनवर अंगठा सरकवणाऱ्याला हे सुख मोठंच वाटतं, आणि ते खरंही आहे.

पण हाच छंद मोबाइलवर भेटतो तेव्हा त्याचं रूप बदलतं. तिथं लिहिण्यापेक्षा खोका उघडण्याचे व्हिडिओ जास्त असतात. तीन हजारांच्या पेनाला ‘सुरुवातीचं पेन’ म्हणतात. एकाच पेनाचे सात रंग निघतात आणि सातवा रंग ‘थोडेच नग शिल्लक’ असतो. खाली ‘नो कॉस्ट ईएमआय’चं बटण असतं. आणि कुणी कचरलाच तर प्रतिक्रिया तयार असते: घेऊन टाक, हौसेला मोल नसतं.

पेनाचा प्रश्न तसा लहान. पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे: स्वतःच्या आनंदावर किती खर्च करणं योग्य, आणि ते ठरवायचं कुणी? मी धाराशिव जिल्ह्यातला. पावसानं ओढ दिली की इथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं असतात. अशा ठिकाणी हा प्रश्न जास्त टोचतो, म्हणून तो जरा नीट सोडवून बघावा म्हणतो.

* * *

आधी पैसा नेमका कशाला पडतो ते पाहू.

शाईचं पेन हे मुळात साधं यंत्र आहे. निबेला मधोमध चीर असते. निबेखाली प्लास्टिकची किंवा एबोनाइटची जीभ असते आणि तिच्यावर बारीक खाच असते. शाई केशाकर्षणानं त्या खाचेतून निबेच्या टोकाशी येते, आणि जेवढी शाई बाहेर पडली तेवढी हवा आत जाते. शाई बाहेर, हवा आत: ही देवघेव सुरळीत चालली की पेन चांगलं चालतं. अमेरिकेत लुइस वॉटरमननं 1884 साली ज्याचं पेटंट घेतलं ती हीच जीभ. त्या देवघेवीला सोनं लागत नाही.

मग सोन्याच्या निबा आल्या कशासाठी? जुन्या शाया आम्लयुक्त असत. लोखंडाची निब त्यात गंजायची, सोन्याची गंजत नसे. पुढं गंज न धरणारं स्टील आलं, रोजच्या शायाही सौम्य झाल्या, आणि ते कारण संपलं. शिवाय कागदाला टेकतं ते सोनं नव्हेच. सोनं मऊ असतं, कागदावर घासून झिजेल. म्हणून टोकावर वेगळ्या कठीण मिश्रधातूचा बारीक मणी बसवलेला असतो. सोन्याच्या निबेवर तो असतो, तसाच स्टीलच्या चांगल्या निबेवरही असतो. त्या मण्याची घासणी नीट झाली असेल तर पेन सुरेख लिहितं.

शे-दीडशे रुपयांत भारतीय बनावटीचं, स्टीलच्या निबेचं पेन आजही मिळतं. तिथून हजार-दोन हजारांवर गेलं तर फरक हाताला कळतो. टोपण घट्ट बसतं, चार दिवस न उघडलेलं पेन पहिल्याच रेघेला चालतं, निब मध्येच रुसत नाही. तिथून दहा हजारांवर गेलं की फरक मुख्यतः डोळ्याला कळतो. त्याहून वर, लाखाच्या घरात, फरक बहुतेक पेनाच्या मालकालाच माहीत असतो. डोळ्याच्या सुखाला मी कमी लेखत नाही. हातानं कातलेल्या एबोनाइटचं पेन सुंदर असतं आणि सौंदर्याला पैसे पडले तर त्यात चूक काही नाही. एवढंच लक्षात ठेवायचं की ते पैसे लिहिण्याचे नाहीत. वहीचा कागद शाई फोडत असेल तर महागडं पेनही तिथं फुटकीच रेघ काढतं. त्या वेळी हजारांचं नवं पेन घेण्याऐवजी जरा बऱ्या कागदाची वही घेतली तर लिहिण्याचं सुख जास्त वाढतं.

शाईचा हिशेब तर आणखी मजेदार आहे. एका कन्व्हर्टरमध्ये साधारण पाऊण मिलिलिटर शाई मावते. म्हणजे 60 मिलिलिटरच्या दौतीतून पेन 80 वेळा भरतं. आठवड्यातून दोनदा पेन भरणारा, म्हणजे रोज बऱ्यापैकी लिहिणारा माणूस घ्या. त्याला ती दौत 40 आठवडे पुरते. त्याच्याकडं दहा रंगांच्या दहा दौती असतील तर साडेसात वर्षांहून जास्त काळ पुरेल इतकी शाई त्यानं घरात आणून ठेवलेली आहे. अकरावी दौत मागवताना ती तो कशासाठी मागवतो? लिहिण्यासाठी नक्कीच नाही.

इथं दोन छंद वेगळे होतात. एक लिहिण्याचा, दुसरा घेण्याचा. बाहेरून ते एकच दिसतात, कारण दोन्हींच्या हातात पेनच असतं. पण घेण्याचा छंद कुरिअर दारात आलं की संपतो, लिहिण्याचा तिथून सुरू होतो. घेण्याच्या छंदात सगळ्यात गोड काळ म्हणजे वाट बघण्याचा. वस्तू हाती आली की गोडी ओसरते, म्हणून पुढची मागवावी लागते. आणि तो छंद आपलं समर्थन दुसऱ्याच्या शब्दांत करतो: ‘रोज जेल पेनं फेकण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.’ पहिल्या पेनाला हे खरं आहे. सातव्याला खरं नाही.

* * *

आता टोचणीकडं येतो. आमच्या जिल्ह्यात खरिपाला सोयाबीन. 2025-26 च्या हंगामासाठी त्याचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झाला. म्हणजे सव्वापाच हजारांचं पेन हे जवळजवळ एक क्विंटल सोयाबीन झालं, तेही हमीभाव मिळाला तर. पेरणी, फवारणी, काढणी, मळणी, काढून ठेवलेल्या गंजीवर येणारा परतीचा पाऊस, हे सगळं त्या क्विंटलात असतं. ज्याच्या घरी सोयाबीन पिकतं त्याला किंमत अशीच दिसते. आकडा वाचता वाचता डोळ्यांपुढं पोतं उभं राहतं.

हे माप खरं आहे. पण ते एकटंच पुरतं का? मला वाटतं, नाही. सगळं सोयाबीनमध्ये मोजायचं ठरवलं तर सिनेमा बघता येणार नाही, कादंबरी विकत घेता येणार नाही, मैत्रिणीला वाढदिवसाची भेट देता येणार नाही. प्रत्येक आनंदामागं कुठलं तरी पोतं उभं असतंच. शिवाय हे माप लावणारे बहुतेक लोक ते स्वतःच्या खर्चाला लावत नाहीत. लग्नात फटाक्यांवर उडालेली पोती कुणी मोजत नाही. मुलानं पुस्तक किंवा पेन घेतलं की मात्र पोतं आठवतं.

आणि मुख्य म्हणजे ज्याच्या घामातून ते पोतं आलं तो शेतकरी स्वतः हौसेला परका नसतो. श्रावण अमावास्येला पोळा येतो. ट्रॅक्टर आल्यापासून दावणीची बैलं कमी झाली, पण ज्याच्याकडं जोडी आहे त्याचा पोळा कमी पावसाच्या सालीही चुकत नाही. आदल्या दिवशी खांदेमळणी होते. दुसऱ्या दिवशी बैल धुतले जातात, शिंगांना रंग आणि बेगड लागतं, पाठीवर झूल चढते, गळ्यात घुंगुरमाळा येतात, कपाळावर बाशिंग. शेतीच्या उत्पन्नात यानं एका दाण्याची भर पडत नाही. शुद्ध हौस आहे ही.

पण तिची रचना बघा. झूल आणि घुंगुरमाळा पेटीतून निघतात. त्या एकदा घेतलेल्या असतात, कधी तर वडिलांच्या हातच्या असतात. वर्षातून एक दिवस वापरून, झटकून, घडी घालून त्या पुन्हा पेटीत जातात. दरवर्षी नवं येतं ते रंग, बेगड, कासरा, म्होरकी: म्हणजे संपणाऱ्या, झिजणाऱ्या गोष्टी. टिकाऊ वस्तू एकदा, खपाऊ वस्तू दरवर्षी, आणि पैशापेक्षा जास्त खर्च हातांचा. सकाळपासून दुपारपर्यंत घरातली चार माणसं एका जोडीमागं असतात. हौस त्या चार माणसांच्या सकाळीत असते. बाजारात तिचा फक्त रंग मिळतो.

शाईच्या पेनाचा छंद याच रचनेचा आहे, हे माझ्या लक्षात येतं तेव्हा मला बरं वाटतं. पेन ही झूल, शाई हा शिंगांचा रंग. पेन एकदा घ्यावं, नीट सांभाळावं. शाई संपत राहावी. दर काही दिवसांनी साध्या पाण्यानं निब आणि जीभ धुवावी, पाणी निवळ येईपर्यंत. टोपणात साचलेली शाई कापडानं पुसावी. या धुण्या-पुसण्यात जो वेळ जातो तो हौसेचाच भाग आहे. दर महिन्याला नवी झूल आणणाऱ्या माणसाला लोक बैलवेडा म्हणणार नाहीत. झुलीचा व्यापारी म्हणतील.

* * *

तरीही ‘साधेपणानं राहा, कमी घ्या’ हे सांगणं सरळ नाही. कोण कुणाला सांगतो आहे यावर त्याचा अर्थ बदलतो. याबाबत दोन मोठ्या माणसांची पेनं मला आठवतात.

पहिलं पेन गांधींचं. आंध्रातल्या राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी फाउंटन पेन बनवलं आणि ते ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत गांधींपर्यंत पोचलं. 1935 साली गांधींनी पत्र लिहून रत्नम यांचे आभार मानले. पेन वापरून पाहिलं, बाजारातल्या विदेशी पेनांना ते चांगला पर्याय दिसतं, असा त्या पत्राचा आशय होता. गांधींच्या लेखी पेन हा प्रश्न देशाच्या पैशाचा आणि गावातल्या कारागिराच्या हाताचा होता. गरजेपुरतं घ्या, आणि आपल्या माणसानं केलेलं घ्या.

दुसरी पेनं बाबासाहेब आंबेडकरांची. पेनं, अनेकवचनी. त्यांना फाउंटन पेनं मनापासून आवडत, त्यातही जाडजूड, हातात भरणारी. त्यांच्या सहवासातल्या लोकांनी या आवडीच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे गावी फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदार परिषद झाली, तिला ते आले होते. वतन म्हणजे काय, तर पिढ्यान् पिढ्या गावाची कामं करायची आणि मोबदल्यात जे हातावर पडेल ते घ्यायचं. ज्या समाजाला ‘कमी घ्या’ हे हजारो वर्षं सक्तीनं सांगितलं गेलं, त्या समाजातला एक माणूस उत्तम कापडाचा सूट घालतो, हजारो पुस्तकं जमवतो, खिशाला चांगलं पेन लावतो. याला उधळपट्टी म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे?

बाबासाहेबांनी हा मुद्दा तत्त्व म्हणूनही मांडला. ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या 1945 सालच्या पुस्तकात गांधीवादाचा समाचार घेताना ते म्हणतात, त्याचा आशय असा: नुसतं जगणं जनावरालाही जमतं. माणसाला मन आहे, ते फुलवायचं तर फुरसत हवी, संस्कृती हवी, आणि लोकशाही समाजानं ती प्रत्येकाला मिळवून दिली पाहिजे. साधेपणाचा गौरव करणारं तत्त्वज्ञान ज्यांच्याकडं काहीच नाही त्यांना तिथंच ठेवतं. म्हणूनच बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या खिशाला असलेलं पेन मला कधी नुसती वस्तू वाटलं नाही. ते एक हक्काचं निशाण आहे.

या दोघांत मी कुणाच्या बाजूचा, असं विचारलं तर, हक्काच्या प्रश्नावर मी बाबासाहेबांच्या बाजूचा आहे. मराठवाड्यातल्या मुलानं सुंदर, गरजेपलीकडचं पेन वापरू नये, कारण त्याच्या जिल्ह्यात दुष्काळ आहे, हे मला मान्य नाही. दुष्काळी भागातल्या माणसानं सतत दुष्काळासारखंच दिसलं पाहिजे, ही अपेक्षा क्रूर आहे. आनंद हा उरलेल्या पैशातून, सगळ्या गरजा भागल्यावर, शेवटी करायचा खर्च असेल, तर काही घरांत त्याची पाळी कधीच येणार नाही.

पण हक्क मान्य केला म्हणजे मर्यादेचा प्रश्न सुटला असं नाही. उलट तो आपल्याकडं येतो. दुसऱ्यानं घातलेली मर्यादा हा अपमान असू शकतो. म्हणून मर्यादा घालायचीच तर ती स्वतः घालावी लागते.

* * *

ती कशी घालतात, याचा एक जुना धडा आमच्याच जिल्ह्यात आहे. भूम तालुक्यात कुंथलगिरी नावाचं जैन सिद्धक्षेत्र आहे. देशभूषण आणि कुलभूषण हे मुनी तिथं मोक्षाला गेले अशी परंपरा सांगते. आचार्य शांतिसागरांनी 1955 साली सल्लेखना घेऊन देह ठेवला तोही तिथंच. दिगंबर मुनी म्हणजे अपरिग्रहाची शेवटची पायरी, अंगावर वस्त्रही नाही. ते तुमच्या-माझ्यासाठी नाही, आणि जैन परंपराही तसं म्हणत नाही. संसारी माणसासाठी तिनं वेगळं व्रत सांगितलं आहे: परिग्रह-परिमाण. परिमाण म्हणजे माप. किती ठेवायचं याचं माप गृहस्थानं स्वतः ठरवायचं आणि मग ते पाळायचं.

या व्रतातल्या दोन गोष्टी मला फार शहाणपणाच्या वाटतात. एक, आकडा सगळ्यांना सारखा नाही. शंभर रुपये कमावणाऱ्याचं माप वेगळं, लाख कमावणाऱ्याचं वेगळं. त्यामुळं दुसऱ्याच्या पेटीत डोकावून त्याला पापी ठरवण्याची सोय त्यात नाही. दोन, आकडा आधी ठरवायचा. इच्छा झाल्यावर नाही. इच्छा समोर उभी राहिली की आपलं मन तिचा वकील होतं आणि वकील हरत नाही. व्हिडिओ बघून झाल्यावर, सवलत संपायला दोन तास उरले असताना, ‘मला किती पेनं पुरतात?’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘अजून एक’ असंच येतं. त्या प्रश्नाला शांतपणे उत्तर द्यायची वेळ ती नव्हे.

माझं माप तीन पेनांचं आहे. एक बारीक निबेचं, वहीसाठी. एक जाड निबेचं, पत्रासाठी आणि नुसतं गिरवण्यासाठी. एक हलकं, खिशात टाकून कुठंही न्यायला, हरवलं तरी झोप उडू नये असं. चौथं आलं तर तिघांतलं एक जाईल. हे कुणाला फार वाटेल, कुणाला अगदीच थोडं. आकड्याचा आग्रह नाही. मात्र तो लिहून ठेवलेला बरा असतो, आणि पेनवाल्या माणसाला लिहून ठेवायला अडचण नसावी.

मापाइतकीच आणखी एक कसोटी मला उपयोगी वाटते. घेतलेल्या वस्तूची खरी किंमत घरी मोठ्यानं सांगता येते का? या छंदात किंमत सांगताना एक शून्य गाळणारे बरेच आहेत. ‘तीनशेचं आहे’ म्हणायचं आणि विषय बदलायचा. त्या गाळलेल्या शून्यात सगळं नीतिशास्त्र येतं. आई-वडील रागावतील म्हणून ते गाळलं जातं असं नाही, कारण महाग पण आवश्यक वस्तू आपण भांडून घेतोच. गाळतो ते एवढ्यासाठी की त्या खर्चात त्यांचाही वाटा आहे हे आपल्याला ठाऊक असतं. सामायिक पैशातून एकट्याची गुप्त हौस झाली की ती हौस राहत नाही. हप्त्यांचंही तसंच. ‘ऋण काढून सण करू नये’ हे आपण ऐकत आलो. ईएमआयवर घेतलेलं पेन म्हणजे पुढच्या सहा महिन्यांच्या स्वतःकडून, त्याला न विचारता, उचललेली उसनवारी. शेतात कर्ज काढावं लागतं कारण पेरणी थांबत नाही. पेन थांबतं. सहा महिने दरमहा तेवढेच पैसे बाजूला ठेवून सातव्या महिन्यात तेच पेन घेता येतं. तोवर ते हवंसं राहिलं तर ती हौस खरी. बहुतेक वेळा तोवर त्या पेनाचं नावही आठवत नाही.

* * *

यावर एक चांगला आक्षेप आहे आणि तो टाळू नये. सगळ्यांनी माप ठरवलं तर पेन बनवणाऱ्यांनी काय करायचं? आपल्या देशात हातानं पेनं कातणारे छोटे कारागीर आहेत. एखाद्याच्या गरजेपलीकडच्या खरेदीवर त्यांची चूल पेटते.

हा आक्षेप दोन हजार वर्षं जुना आहे आणि त्याचं एक टोक आमच्याच जिल्ह्यात आहे. तेर म्हटलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात. पण त्यांच्या कितीतरी आधी तेर हे ‘तगर’ नावाचं मोठं व्यापारी शहर होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत त्याचं नाव आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथून साधं कापड व तलम मलमलीचे प्रकार गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जातात, असं तो अनामिक लेखक नोंदवतो. त्याच शतकात रोममध्ये प्लिनी त्रागा करत होता की हिंदुस्थान दरवर्षी आपल्या साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. सगळ्या पूर्वेचा मिळून आकडा तो दहा कोटींवर नेतो, आणि दोष देतो रोमच्या चैनीला, त्यातही बायकांना.

प्लिनीचा त्रागा वाचताना मला तेरचा कोष्टी दिसतो. रोमची उधळपट्टी ही त्याची मजुरी होती. प्लिनीला तिजोरी दिसली, माग दिसला नाही. म्हणून ‘खर्च वाईटच’ असं म्हणणाऱ्याला मी तेरची गोष्ट सांगेन. पण तीच गोष्ट उलटूनही वाचता येते. तगर आज शहर राहिलं नाही. दूरच्या लोकांच्या लहरीवर उभा राहिलेला व्यापार लहर फिरली की पांगतो. कारागिराला सावरणारं गिऱ्हाईक हे एका वर्षात वीस पेनं घेऊन सहाव्या महिन्यात कॅमेऱ्यांकडं वळणारं नसतं. ते एक पेन घेतं, दहा वर्षं वापरतं, निब झिजली की नवी निब मागतं, जीभ बदलून घेतं, आणि त्या कारागिराचं नाव दुसऱ्या चौघांना सांगतं. माप ठरवणाऱ्या माणसानं त्या मापातलं एक पेन अशा हाताकडून घ्यावं. गांधींचा मुद्दा इथं मला पुन्हा पटतो. आणि बाबासाहेबांचाही, कारण ते पेन सुंदर असायला हरकत नाही.

मापाबाहेर गेलेल्या पेनांना वाटही आहे. 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला हार, मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणा, अशी हाक गेली काही वर्षं दिली जाते. जमलेल्या वह्या-पेनं गरजू मुलांपर्यंत जातात. शाईचं पेन देणार असाल तर सोबत एक दौत द्या आणि ते धुवायचं कसं हे दोन मिनिटं दाखवा. ड्रॉवरमध्ये सुकलेल्या शाईनं चोंदून बसलेलं पेन कुणाच्याच हौसेचं नसतं.

तर, हौसेला मोल असतं का? पेनाला असतं. ते सोयाबीनमध्ये मोजता येतं आणि अधूनमधून मोजावं. दौतीलाही असतं, कमी. पण पोळ्याच्या सकाळीला, ओल्या रेघेला, धुतलेल्या निबेला कुणी किंमत लावलेली नाही. म्हण खोटी नाही, आपण ती चुकीच्या ठिकाणी, दुकानाच्या काउंटरवर वापरतो.

पेनवाले भेटले की एकमेकांना विचारतात, तुझ्याकडं किती पेनं आहेत? हा प्रश्न मी सोडला आहे. आता मी विचारतो, किती दौती संपवल्यास? एक 60 मिलिलिटरची दौत तळापर्यंत संपवायला रोज लिहिणाऱ्यालाही बहुतेक वर्ष लागतं. तिच्यात दोन-चार वह्या जातात, काही पत्रं, बऱ्याच याद्या, खोडलेली पानं. रिकाम्या दौती मी धुऊन खिडकीत ठेवतो. सध्या तिथं चार आहेत.